श्रद्धेच्या बाजूने दिलेला कच्चा पुरावा

सोलापुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा : "सर, मी कॅथलिक घरातली. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, तुमच्यात पोपनी सांगायचं आणि तुम्ही मान डोलवायची, विचाराला जागाच नाही. घरी विषय काढला की आजी म्हणते, 'श्रद्धेत तर्क चालवायचा नसतो.' सगळं विश्व निसर्गनियमांनी चालतं हे मी रोज शिकते. मग देव कशाला लागतो? की रविवारी एक डोकं आणि सोमवारी दुसरं, असंच आयुष्यभर जगायचं?"

प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस. मी सोलापुरात अनेक वर्षं तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं आणि आपल्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) मोठ्यांचा अभ्यासगटही सांभाळतो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. कॉलेजात मुलं विचारायची, "सर, लॉजिक शिकवता आणि चर्चला कसे जाता?" मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर अंगणात कुणीतरी काळजीने विचारतं, "एवढं वाचून श्रद्धा डळमळत नाही का?" सोलापुरात कॅथलिक मुळात थोडे. इथली बरीच ख्रिस्ती घरं अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतली. त्यामुळे आपल्या मुलांना आपल्याच विचारपरंपरेची ओळख करून देणारं कुणी सहसा भेटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन डोक्यांचं बोलू. ही कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात अॅरिस्टॉटल शिकवणाऱ्या काही अध्यापकांवर नेमका हाच आरोप होता, की ते एक गोष्ट तत्त्वज्ञानाप्रमाणे खरी मानतात आणि तिच्या उलट गोष्ट श्रद्धेप्रमाणे खरी मानतात. १२७७ साली पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधानांवर बंदी घातली, तेव्हा त्या बंदीच्या प्रस्तावनेतच या दुहेरी सत्यावर हरकत घेतली होती. बंदी घाईची होती, आणि थॉमस अक्वायनस या मोठ्या ईशपंडिताच्या मतांशी जुळणारी काही विधानंही तिच्यात सापडली. थॉमसला संत घोषित केल्यावर, १३२५ मध्ये, त्याच्यापुरती ती मागे घ्यावी लागली. पण मूळ हरकत मला आजही पटते. सत्य एकच असेल, तर प्रयोगशाळेतलं सत्य आणि वेदीपुढचं सत्य कुठेतरी भिडणारच. ते भिडू नये म्हणून मध्ये भिंत घालणं म्हणजे दोन्हीकडे अर्धवट राहणं.

आता आजीचं वाक्य. आजीची श्रद्धा मोठी आहे आणि तिला माझ्या तर्कशास्त्राची गरज नाही. रोज रात्री रोझरी म्हणणाऱ्या बाईला जे कळतं ते पुष्कळ पुस्तकं वाचून कळत नाही, हे मी मनापासून म्हणतो. पण 'श्रद्धेत तर्क चालवायचा नसतो' हे वाक्य ती कॅथलिक शिकवण म्हणून सांगत असेल, तर ते तसं नाही. ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, हे मत स्पष्टपणे नाकारलं आहे. एकोणिसाव्या शतकात स्ट्रासबर्गला लुई बोतँ नावाचे धर्मगुरू तत्त्वज्ञान शिकवायचे. माणसाची बुद्धी आपल्या बळावर देवापर्यंत पोहोचूच शकत नाही, फक्त श्रद्धा पोहोचते, असं ते सांगत. वरवर पाहिलं तर किती भाविक मत! पण त्यांना १८४० मध्ये लेखी मान्य करावं लागलं की देव आहे हे बुद्धीने खात्रीपूर्वक सिद्ध करता येतं. श्रद्धेची बाजू फार ताणली म्हणून एका धर्मगुरूला चर्चने थांबवलं, हे तुझ्या मैत्रिणींना मुद्दाम सांग. दुसऱ्या टोकाचे लोकही होते. जर्मनीतले गेओर्ग हेर्मेस यांनी श्रद्धेचं सगळंच बुद्धीच्या कसोटीवर ठेवू पाहिलं, आणि त्यांच्या ग्रंथांवर १८३५ मध्ये बंदी आली. पुढे जगभरच्या बिशपांच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने २४ एप्रिल १८७० च्या आपल्या दस्तऐवजात दोन्ही टोकं बाजूला ठेवली : निर्माण झालेल्या गोष्टींवरून बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात देवाला ओळखता येतं, आणि श्रद्धा व बुद्धी यांच्यात खरा विरोध असूच शकत नाही, कारण दोन्ही एकाच देवाकडून आल्या आहेत.

आता पोपचं. त्यांच्या अचूकतेचा सिद्धांत याच परिषदेने तीन महिन्यांनी मांडला. श्रद्धा आणि नीती यांबाबत, आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, सगळ्या चर्चसाठी पोप जेव्हा अंतिम व्याख्या करतात, तेवढ्यापुरताच तो आहे. तसं शेवटचं झालं १९५० मध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाबाबत. भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, पोपची मुलाखत, विमानातल्या गप्पा हे काहीच त्यात येत नाही. मैत्रिणींचा आक्षेप एवढ्यावर संपत नाही, हे खरं. शिकवण मानायची म्हणजे कुणाच्या तरी अधिकारावर विश्वास ठेवायचाच असतो. त्याकडे पुढे येतो.

तुझ्या मुख्य प्रश्नाला, 'निसर्गनियमांनी सगळं चालतं, मग देव कशाला', उत्तर देण्याआधी एक गोष्ट जवळून दाखवायची आहे. थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) याचा मोठा ग्रंथ आहे, 'सुम्मा थिओलॉजिए'. त्याच्या पहिल्या भागातल्या दुसऱ्या प्रश्नाचं तिसरं प्रकरण उघड. जेमतेम दोन-तीन पानांचं आहे. शीर्षक : देव आहे का? पहिलंच वाक्य : देव नाही असं दिसतं. प्रत्येक प्रकरणाची त्याची हीच रीत. आधी आक्षेप मांडायचे, मग उलट बाजूचं एखादं प्रमाणवचन, मग स्वतःचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचं निरसन. आपल्याकडे पूर्वपक्ष आणि सिद्धान्त म्हणतात तीच ही पद्धत. शास्त्रीबुवांच्या तोंडून मीमांसा ऐकलेल्या माणसाला थॉमस परका वाटत नाही.

तिथे आक्षेप फक्त दोन आहेत. पहिला : देव म्हणजे अनंत चांगुलपणा, दोन विरुद्ध गोष्टींपैकी एक अनंत असेल तर दुसरी उरायला नको, पण जगात वाईट दिसतं, म्हणून देव नाही. दुसरा : जे थोड्या कारणांनी समजतं त्याला जास्त कारणं मानू नयेत, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाने समजतात, माणसाने हेतुपूर्वक केलेल्या गोष्टी माणसाच्या बुद्धीने आणि इच्छेने समजतात, म्हणून देव मानायची गरज नाही.

हा दुसरा आक्षेप पुन्हा एकदा वाच. तुझाच प्रश्न आहे. न्यूटनच्या चारशे वर्षं आधी, एका डॉमिनिकन साधूने, ईश्वरविद्या नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात तो नीट शब्दांत मांडून ठेवला आहे. तुला घरी जो प्रश्न विचारू नको म्हणतात, तो आपल्या परंपरेने स्वतःच्या पहिल्याच पाठात घातला आहे.

उत्तरात थॉमस पाच मार्ग देतो. ते पाचही सारखे बळकट आहेत असं मी म्हणणार नाही. पहिला मार्ग गतीवरून जातो : जे हलतं ते कशामुळे तरी हलतं; काठी हलते कारण हात ती हलवतो; ही साखळी अनंतापर्यंत मागे नेता येत नाही. तू लगेच म्हणशील, सर, जडत्वाचा नियम! सरळ रेषेत एकसमान वेगाने जाणाऱ्या वस्तूला हलवणारा लागतच नाही. बरोबर आहे. थॉमसचा बचाव करणारे म्हणतात की त्याला 'गती' म्हणजे कुठलाही बदल अभिप्रेत आहे, शक्यतेतून प्रत्यक्षात येणं. हा बचाव विचार करण्याजोगा आहे, पण अॅरिस्टॉटलचं भौतिकशास्त्र त्यातून पुरतं वगळता येतं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते तुझ्यासारखीने सुरुवात इथून करू नये.

मला स्वतःला तिसरा मार्ग जास्त भिडतो. आपल्याला दिसणाऱ्या वस्तू असतातही आणि नसतातही. त्यांना असलंच पाहिजे असं काही नाही. सगळंच असं असेल, तर काहीही आहेच का? यातही एक सांधा कच्चा आहे, तो मी वर्गात दरवर्षी फळ्यावर मांडायचो. थॉमस म्हणतो की प्रत्येक वस्तू कधीतरी नसते, म्हणून सगळंच कधीतरी नव्हतं. ही उडी सरळ घेता येत नाही. प्रत्येक विद्यार्थी कधीतरी गैरहजर असतो, म्हणून एखाद्या दिवशी अख्खा वर्ग रिकामा होता, असं निघत नाही. पण हा दुवा काढून टाकला तरी मूळ प्रश्न शाबूत राहतो. नसू शकणाऱ्या वस्तूंची साखळी कितीही लांब केली, अगदी अनादी मानली, तरी ती साखळी आहेच का, याचं उत्तर साखळीतल्या कुठल्याच कडीत नाही. निसर्गनियम एका स्थितीतून दुसरी स्थिती कशी येते ते सांगतात. ती स्थिती आणि तो नियम मुळात आहेतच का, हे ते सांगत नाहीत, आणि तो त्यांचा दोषही नाही. थॉमसचं तुझ्या आक्षेपाला उत्तर याच दिशेचं आहे. निसर्ग स्वतःच्या कारणांनी चालतो हे त्याला पूर्ण मान्य आहे. बदलणाऱ्या आणि नसू शकणाऱ्या सगळ्याला एक न बदलणारं, स्वतःच्या बळावर असणारं मूळ लागतं, एवढाच त्याचा दावा. देव हा निसर्गातल्या कारणांच्या यादीत भरायचा आणखी एक नग नाही. म्हणून यादी पूर्ण झाली तरी त्याची जागा जात नाही.

पहिल्या आक्षेपाला थॉमस संत ऑगस्टिन या प्राचीन ईशपंडिताच्या आधाराने उत्तर देतो, की देव इतका समर्थ आहे की वाइटातूनही चांगलं काढतो, म्हणूनच तो वाईट घडू देतो. तर्काच्या दृष्टीने ते विसंगत नाही. पण हा आक्षेप एवढ्याने शमत नाही, आणि ज्याच्या घरातलं कुणी नुकतंच गेलंय त्याच्यापुढे हे उत्तर ठेवू नये. तिथे जाऊन बसावं, जेवणाचा डबा द्यावा.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. एखादी परंपरा बुद्धीला मान देते की नाही हे कसं ओळखायचं? विरोधकांना ती कशी उत्तरं देते यावरून नाही. तेवढं तर कुठलाही वकील करतो. आपल्याच बाजूने आलेला, पण कच्चा असलेला पुरावा ती नाकारते का, हे बघायचं. कॅथलिक परंपरा या कसोटीला कुठे उतरली आणि कुठे घसरली, दोन्ही बघण्यासारखं आहे.

जगाला सुरुवात आहे, ही आपली श्रद्धा. अॅरिस्टॉटलच्या मते जग अनादी. थॉमसच्या काळी पॅरिसमध्ये यावर मोठा वाद पेटला होता. फ्रान्सिस्कन संत बोनाव्हेंतुरा म्हणत की जगाला सुरुवात असलीच पाहिजे, हे निव्वळ तर्कानेही दाखवता येतं. थॉमसला निष्कर्ष मान्य होता, पुरावा मान्य नव्हता. जगाला सुरुवात झाली हे मानण्याची गोष्ट आहे, सिद्ध करण्याची नाही, असं त्याने सरळ लिहिलं. वर कारणही दिलं : जे श्रद्धेचं आहे ते सिद्ध करायला निघून आपण लंगडे युक्तिवाद पुढे केले, तर न मानणारे हसतील, त्यांना वाटेल, हे लोक असल्या पुराव्यांवर विश्वास ठेवतात. १२७० च्या आसपास त्याने या एकाच मुद्द्यावर स्वतंत्र छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की देवाने निर्माण केलेलं जग अनादीही असू शकलं असतं, त्यात तार्किक विसंगती नाही. कारण निर्मिती म्हणजे काळातला पहिला क्षण नव्हे; निर्मिती म्हणजे असण्यासाठी सतत अवलंबून असणं.

याचा तुझ्याशी संबंध आहे. विश्वाचं प्रसरण आणि त्यामागची सुरुवातीची अतिघन अवस्था ही कल्पना, जिला पुढे महास्फोटाचा सिद्धान्त म्हणू लागले, मांडली बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी (१८९४–१९६६). ते कॅथलिक धर्मगुरू होते. प्रसरणावरचा त्यांचा लेख १९२७ चा, 'आद्य अणू'ची मांडणी १९३१ ची. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं आणि या नव्या विश्वशास्त्राची निर्मितीच्या शिकवणीशी जोड लावली. कुणालाही वाटेल, धर्मगुरू-शास्त्रज्ञ सुखावला असेल. लमेत्र यांना ती जोड रुचली नाही. आपला सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, तो चुकीचाही ठरू शकतो, आणि आध्यात्मिक प्रश्नापासून तो पूर्णपणे अलग आहे, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पोपनी त्यांच्यापुढे बोलताना ती जोड पुन्हा केली नाही. १९६० मध्ये लमेत्र त्याच अकादमीचे अध्यक्ष झाले. पोपच्या तोंडून आपल्या सिद्धान्ताला मिळालेला श्रद्धेचा आधार एका श्रद्धावंत माणसाने नको म्हटला. मैत्रिणींनी केलेल्या आरोपाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आणि आपल्या मराठी माणसाला हे जास्त कळावं, कारण आपण जयंत नारळीकरांना वाचत मोठे झालो. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी महास्फोटाच्या सिद्धान्ताला पर्याय मांडले, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला असताना आयुष्यभर आपला मुद्दा सोडला नाही. आमच्या गटात एकदा कुणी विचारलं, "उद्या नारळीकरांचं विश्व बरोबर निघालं, विश्वाला सुरुवातच नाही असं ठरलं, तर आपल्या श्रद्धेचं काय?" त्या विश्वशास्त्राने देव खोटा ठरत नाही, जसा महास्फोटाने तो खरा ठरत नाही. थॉमसच्या भाषेत सांगायचं तर अनादी विश्वसुद्धा क्षणोक्षणी अवलंबूनच असतं. म्हणून तू प्रयोगशाळेत निर्धास्त जा. उत्तर कुठलं यावं याची चिंता तुझ्या श्रद्धेला करावी लागत नाही.

याच कसोटीवर परंपरा घसरली ती गॅलिलिओच्या बाबतीत, आणि तिथे वकिली करू नये असं माझं ठाम मत आहे. कॅथलिक लोक या विषयावर लगेच बचावात उतरतात : कोपर्निकस चर्चच्या सेवेतला होता, मेंडेल साधू होता, व्हॅटिकनची वेधशाळा आहे. हे सगळं खरं आहे, पण त्याने गॅलिलिओविरुद्धचा १६३३ चा निकाल न्याय्य ठरत नाही. दुःख याचं आहे की योग्य तत्त्व हाताशी होतं. ऑगस्टिनने पाचव्या शतकातच बजावलं होतं की ताऱ्यांविषयी, ऋतूंविषयी अख्रिस्ती माणसालाही अनुभवाने पक्कं ज्ञान असतं. अशा विषयात ख्रिस्ती माणसाने बायबलचा हवाला देऊन भलतंसलतं बोलणं लाजिरवाणं आहे. कार्डिनल बेलार्मीन यांनी १६१५ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की सूर्य स्थिर असल्याचा खरा पुरावा मिळाला, तर सिद्ध झालेली गोष्ट खोटी म्हणण्यापेक्षा बायबलची वचनं आपल्याला समजली नव्हती असं म्हणावं लागेल. गॅलिलिओकडे तेव्हा निर्णायक पुरावा नव्हता. भरती-ओहोटीवरून त्याने दिलेला युक्तिवाद चुकीचा होता, आणि ताऱ्यांचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे ताऱ्यांच्या जागेत दिसणारा बारीक फरक, मोजला गेला तो १८३८ मध्ये. पण अपुऱ्या पुराव्याला उत्तर म्हणजे 'अजून पुरावा आणा' असं सांगणं. न्यायासन, सक्तीची कबुली आणि मरेपर्यंत नजरकैद हे त्याचं उत्तर नव्हे. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या वेळच्या ईशपंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली. फार उशीर झाला होता. ग्रंथांची निषिद्ध यादीही १९६६ पर्यंत चालू होती, आणि तिने कितीतरी प्रामाणिक कॅथलिक अभ्यासकांचं तोंड बंद केलं. हे लपवून तू मैत्रिणींशी वाद जिंकलीस तरी तो जिंकणं नव्हे.

इथे शंकराचार्यांची आठवण होते. गीताभाष्याच्या शेवटी ते म्हणतात की शंभर श्रुतींनी जरी अग्नी थंड असतो किंवा प्रकाश देत नाही असं सांगितलं, तरी ते प्रमाण ठरणार नाही. ऑगस्टिन आणि आचार्य यांची भेट कधी झालेली नाही, पण दोघांच्या हाती एकच मोजपट्टी आहे. आणि तेच आचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात असंही सांगतात की नुसत्या मोकाट तर्काला ठाव नसतो. एका हुशाराने मांडलेलं दुसरा हुशार खोडतो. ब्रह्माचं ज्ञान श्रुतीशिवाय होत नाही. रिचर्ड डी स्मेट या बेल्जियन जेझुइट धर्मगुरूंनी आयुष्याची अनेक दशकं पुण्यात शंकराचार्यांच्या अभ्यासात घालवली. आचार्यांना निव्वळ तर्कवादी तत्त्वज्ञ समजू नका, ते श्रुतीला प्रमाण मानून बुद्धी पूर्ण ताकदीने वापरणारे आहेत, थॉमससारखेच, हा त्यांचा मुद्दा होता. त्याही आधी बंगालात कॅथलिक झालेल्या ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) यांनी म्हटलं होतं की युरोपात ग्रीक तत्त्वज्ञानाने जे काम केलं ते इथे वेदान्ताने करावं. त्यांच्या नियतकालिकावर चर्चच्याच अधिकाऱ्यांनी बंदी आणली. मात्र १९९८ च्या श्रद्धा आणि बुद्धीवरील परिपत्रकात जॉन पॉल यांनी पूर्वेच्या विचारपरंपरांचा उल्लेख करताना भारताला विशेष स्थान दिलं. सिद्धरामेश्वरांच्या गावात, लिंगायत आणि पद्मशाली शेजाऱ्यांमध्ये वाढलेल्या कॅथलिक मुलीने हे काम आपलं मानावं, असं मला फार वाटतं.

आता ते अधिकाराचं. थॉमस दोन प्रकार वेगळे करतो. देव आहे, तो एक आहे, इथपर्यंत बुद्धी आपली आपण चालू शकते. पवित्र त्रैक्य (एकाच देवात तीन व्यक्ती), येशूचं देहधारण (देवाने माणूस होणं), पुनरुत्थान इथे ती एकटी पोहोचत नाही. त्रैक्य तर्काने सिद्ध करायला निघणाराही श्रद्धेचं नुकसानच करतो, असं थॉमस स्पष्ट म्हणतो. इथे बुद्धीचं काम दुसरं : ही गोष्ट आत्मविसंगत आहे असा आक्षेप आला तर तो तपासणं, आणि जे मानलं त्यातला अर्थ एकाला एक जोडून पाहणं. मग ती मानायची कशाच्या आधारावर? साक्षीच्या. आणि साक्षीवर विश्वास ठेवणं म्हणजे बुद्धी गहाण टाकणं नव्हे. इंग्रज ईशपंडित जॉन हेन्री न्यूमन (१८०१–१८९०) यांनी यावर आयुष्यभर विचार केला. त्यांचं साधं उदाहरण : ब्रिटन हे बेट आहे याची प्रत्येक इंग्रज माणसाला पक्की खात्री असते, पण भोवती फिरून तपासलेलं कुणी नसतं. नकाशे, प्रवासी, शाळा, इतिहास, कुठेच विसंगती न आढळणं, अशा अनेक गोष्टी एकत्र येऊन ती खात्री बनते. यातला एकेक पुरावा म्हणजे दोराचं एकेक सूत. सुटं सूत चुटकीत तुटतं, पिळलेला दोर लोखंडी सळईसारखा भार पेलतो. दोराची ही उपमाही न्यूमन यांचीच.

तू रोज हेच करतेस. हिग्ज कण तू स्वतः पाहिलेला नाहीस, ज्यांनी मोजमाप केलं त्यांच्यावर विश्वास ठेवतेस, आणि ते डोळसपणे करतेस. मात्र फरकही लक्षात ठेव. त्या कणाचा प्रयोग तत्त्वतः पुन्हा करता येतो. पुनरुत्थानाचा येत नाही, ती इतिहासात एकदाच घडलेल्या गोष्टीची साक्ष आहे. तिला तोलायला वेगळा विवेक लागतो : साक्षीदार कोण होते, त्यांना त्यातून काय मिळालं, त्यांनी काय सोसलं. हे तोलूनही शेवटचं पाऊल उरतंच. ते इच्छेचं आणि देवाच्या कृपेचं आहे असं आपण मानतो. तिथे मी कुणावर जबरदस्ती करणार नाही, युक्तिवादाचीही नाही.

काय वाचावं? सुम्माचं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. वर सांगितलेलं एकच प्रकरण आधी घे. १९९८ चं परिपत्रक त्यानंतर. न्यूमन सगळ्यात शेवटी, कारण त्यांची वाक्यं लांब आणि घाई करणाऱ्याला न सापडणारी आहेत. बायबल मराठीतून वाच, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. २०२० मध्ये शेजारच्या धाराशिवला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच फादर. त्यांच्या भाषांतराला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, आणि ज्या मराठीत तू विचार करतेस त्याच मराठीत ते आहे. आपल्या बाजूचे वादविवादाचे व्हिडिओ मात्र सध्या बाजूला ठेव. त्यांत विरोधकाचं म्हणणं इतकं कमकुवत करून दाखवतात की ते खोडून तुझ्या हाती काहीच लागत नाही.

आमच्या गटाची रीत अशी : दोनशे पानी वही, डावीकडच्या पानावर पूर्वपक्ष, उजवीकडे उत्तर. डावं पान भरल्याशिवाय उजवीकडे पेन लावायचं नाही. आणि डावं पान असं लिहायचं, की आक्षेप घेणाऱ्याने वाचून म्हणावं, हो, मला नेमकं हेच म्हणायचं होतं. गटात एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, एक नर्स आहे, एक लिंगायत प्राध्यापक मित्र केवळ आवडीने येतात. सगळ्यात धारदार डावी पानं सहसा या प्राध्यापकांचीच असतात. तू थॉमसचा दुसरा आक्षेप घे आणि आजच्या भौतिकशास्त्राच्या भाषेत लिही. क्वांटम निर्वात अवस्थेतून विश्व आपोआप आलं असं म्हणणारे आहेत, त्यांचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांड. थॉमसपेक्षा जोरकस जमलं तर उत्तमच. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर आम्ही बसतो, तेव्हा ते घेऊन ये. आणि त्या मैत्रिणींनाही आण, डावं पान लिहायला त्या लागतील.